हात बांधून घेतलेले सरकार

सरकारी अंदाजपत्रकाचा विषय निघाला की सामान्य माणसाचे लक्ष उडते. कोट्यवधींचे आकडे, करांची कलमे, तुटीचे हिशेब हा सारा पंडितांचा प्रांत आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी त्याची समजूत असते. परंतु सरकारचा जमाखर्च बिघडला की त्याची पहिली झळ या सामान्य माणसालाच लागते. ज्याच्याजवळ जमीनजुमला आहे, सोने आहे, परदेशी नाणे आहे, तो कसाबसा तरून जातो. ज्याला महिन्याकाठी ठराविक वेतन मिळते आणि ज्याची सारी पुंजी बँकेच्या पुस्तकात लिहिलेली असते, त्याच्या हातातला पैसा मात्र पाहता पाहता विरघळून जातो. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर पंधरा देशांतील कोट्यवधी लोकांना हा अनुभव आला. त्यांपैकी एका चिमुकल्या देशाने या संकटातून वाट कशी काढली, आणि त्या वाटेवरचा जकातनाका कोणाच्या खिशातून भरला गेला, हे समजून घेण्यासारखे आहे. तो देश म्हणजे एस्टोनिया.

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, फिनलंडच्या आखाताच्या दक्षिणेस हा देश वसला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर. स्वातंत्र्य परत मिळाले तेव्हा लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती व तीत सुमारे एक तृतीयांश लोक रशियन भाषिक होते. १९१८ साली हा देश प्रथम स्वतंत्र झाला. १९१९ मध्ये त्याने ‘एस्ती पांक’ ही आपली मध्यवर्ती बँक स्थापन केली व १९२८ मध्ये ‘क्रून’ हे चलन सुरू केले. १९४० साली सोव्हिएत सैन्याने देश व्यापला, आणि मधली तीन वर्षे जर्मन अंमलाची सोडली तर पुढे १९९१ पर्यंत येथील कारभाराची सूत्रे मॉस्कोतूनच हलत राहिली. २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्याची पुनर्घोषणा झाली. झेंडा बदलला, पण खिशातल्या नोटा मात्र रुबलच्याच राहिल्या.

या नोटांमागची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. सोव्हिएत राज्यात ‘कर’ ही वस्तू नागरिकाच्या फारशी ध्यानातच येत नसे. कारखाने सरकारचे, त्यांचा नफा सरकारचा, मालाचे भाव सरकारने ठरविलेले आणि बँकही सरकारचीच. कारखान्याच्या खात्यातून उलाढालीवरील कर आणि नफ्याचा वाटा परस्पर वळता होई. कारखाना तोट्यात चालला तर त्याच बँकेतून त्याला कर्ज मिळे, आणि ते फेडले नाही म्हणून कारखान्याला टाळे लागत नसे. कर देणारा, कर घेणारा, खर्च करणारा आणि हिशेब तपासणारा हे सारे एकाच घरचे. अशा घरात हिशेबाची वही असते, पण ‘नाही’ म्हणणारा कोणी नसतो. स्वतंत्र झालेल्या एस्टोनियाला केवळ नवी वही उघडून भागणार नव्हते. ‘नाही’ म्हणण्याची सवय लावून घ्यावयाची होती.

विघटनानंतरच्या महिन्यांत परिस्थिती अधिकच चमत्कारिक झाली. नोटा छापण्याचा अधिकार एकट्या मॉस्कोकडे होता, पण बँकेच्या खात्यावर कर्ज मांडून देण्याची सोय प्रत्येक नव्या देशाच्या मध्यवर्ती बँकेला होती. एकत्र कुटुंबातली पंधरा बिऱ्हाडे एकाच वाण्याच्या खात्यावर उधार नेऊ लागली आणि बिल सर्वांनी मिळून भागवावयाचे ठरले, तर काटकसर करणारे बिऱ्हाडच मूर्ख ठरते. झाले ते असेच. १९९२ साली एस्टोनियातले भाव वर्षभरात दहापटींहून अधिक वाढले. त्या वर्षाच्या आरंभी, ऐन हिवाळ्यात, इंधनाची आणि अन्नधान्याची टंचाई पडली आणि एडगर साविसार यांच्या मंत्रिमंडळास जानेवारीत राजीनामा द्यावा लागला. गंमत अशी की भाव चढत असतानाच लोकांना रोख नोटाही पुरेशा मिळत नव्हत्या, कारण त्या छापून येणार मॉस्कोहून. आयुष्यभर शिलकीत टाकलेल्या रुबलांची किंमत काही महिन्यांत नाममात्र उरली.

यावर उपाय एकच होता. या सामाईक खात्यातून बाहेर पडावयाचे. त्यासाठी चलनसुधारणेची एक लहानशी समिती नेमण्यात आली. तिच्यात पंतप्रधान, मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सीम कल्लास आणि स्वीडनमध्ये स्थायिक झालेले एस्टोनियन अर्थशास्त्रज्ञ रुडोल्फ यालाकास असे तिघे होते. एवढ्याशा देशाने इतक्या घाईने स्वतःचे चलन काढावे काय, याविषयी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीही प्रारंभी साशंक होता. तथापि समितीने माघार घेतली नाही. २० जून १९९२ रोजी क्रून पुन्हा चलनात आला.

त्या दिवसापासून तीन दिवस देशभर नोटाबदलीचे काम चालले. नोंदणी झालेल्या प्रत्येक रहिवाशाला रोख १५०० रुबल देऊन १५० क्रून घेता येत, म्हणजे दहास एक हा भाव. त्याहून अधिक रोख रक्कम असेल तर पन्नासास एक असा कडक भाव लावण्यात आला. बँकेतील ठेवी मात्र दहास एक याच दराने बदलून मिळाल्या. एका जर्मन मार्कला आठ क्रून असा हुंडणावळीचा दर ठरविण्यात आला होता. त्या हिशेबाने दीडशे क्रून म्हणजे एकोणीस मार्कांहूनही कमी. स्वतंत्र देशातील नागरिकाने नव्या चलनाचा संसार मांडला तो एवढ्या रोकडीवर.

परंतु नवी नोट छापणे ही सुधारणा नव्हे. त्याच सुमारास इतर अनेक सोव्हिएतोत्तर देशांनी नव्या नोटा छापल्या, आणि जुन्या सवयींनी थोड्याच दिवसांत त्यांचेही कागद करून टाकले. एस्टोनियाने जे वेगळे केले ते कायद्यात होते. चलनात असलेल्या प्रत्येक क्रूनमागे तितक्याच मोलाचे सोने किंवा परकीय चलन मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत असलेच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. कोणी आठ क्रून घेऊन आला तर त्याला एक मार्क देणे बँकेवर बंधनकारक झाले. क्रूनचे मोल उतरविण्याचा अधिकार बँकेला उरला नाही, तो संसदेकडे गेला, म्हणजे असा बेत गुपचूप रात्रीतून उरकणे अशक्य झाले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरकारला कर्ज देण्यास मध्यवर्ती बँकेला मनाई झाली. या पद्धतीला चलनमंडळाची पद्धती म्हणतात. तिचे मर्म असे की सरकारने आपलेच हात बांधून घेतले आणि गाठीची दोरी लोकांच्या देखत कायद्याच्या खुंटीला अडकवली. तूट आली की नोटा छापून ती भरून काढावयाची, हा मार्गच बंद झाला. यापुढे जो पैसा खर्चावयाचा तो करातून आणावयाचा, नाही तर कोणाकडून तरी रीतसर कर्जाऊ घ्यावयाचा.

तिजोरीत ठेवावयास सोने आले कोठून, याची कथा मनोरंजक आहे. महायुद्धापूर्वी एस्टोनियाने आपले सुमारे ११ टन सोने परदेशी बँकांत ठेवले होते. त्यातले काही लंडनला, काही स्वीडनमध्ये, काही स्वित्झर्लंडमधील बासेल येथील आंतरराष्ट्रीय बँकेत. १९४० नंतर स्वीडनने आपल्याकडचे सोने मॉस्कोच्या स्वाधीन केले. ब्रिटनने ते तसे दिले नाही, परंतु १९६७ च्या सुमारास आपल्या प्रजाजनांचे सोव्हिएत सरकारकडील जुने दावे मिटविण्यासाठी बाल्टिक देशांचे सोने विकून टाकले. देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर दोघांनीही आपले देणे मान्य केले, आणि १९९२ साली ब्रिटनने सोने व स्वीडनने भरपाई दिली. बासेलची ठेव तर जशीच्या तशी राहिली होती. आजोबांनी दुसऱ्याच्या घरी ठेवलेली ठेव नातवाच्या कामी यावी, तसा हा प्रकार झाला. याखेरीज काही सरकारी जंगलेही चलनाला तारण म्हणून राखून ठेवण्यात आली.

या दोरीची परीक्षा पाहण्यास फार दिवस लागले नाहीत. सप्टेंबर १९९२ मधील निवडणुकीनंतर मार्ट लार हे अवघ्या बत्तीस वर्षांचे इतिहासाचे अभ्यासक पंतप्रधान झाले, आणि नोव्हेंबरमध्ये देशातील तीन मोठ्या बँकांचे व्यवहार थांबवावे लागले. दोन बँकांचा पैसा मॉस्कोच्या परराष्ट्र व्यापार बँकेत गोठून पडला होता. तिसरी, तार्तू शहरातील व्यापारी बँक, आपल्याच व्यवहारांमुळे बुडीत निघाली होती. अन्य कोणत्याही देशात अशा वेळी मध्यवर्ती बँक पैसा ओतते. येथे मात्र आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी अवस्था होती. तार्तूची बँक बंद करण्यात आली व तिच्या ठेवीदारांना आपली पूर्ण रक्कम परत मिळाली नाही. उरलेल्या दोन बँकांचे एकत्रीकरण करून सरकारने त्यांना रोख्यांचा आधार दिला. मॉस्कोत अडकलेल्या रकमांचे दावे मात्र एका निराळ्या निधीकडे वर्ग झाले व पुढे वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. ठेवींना हमी देणारी योजना देशात आली ती १९९८ मध्ये. चलन वाचले, विश्वास वाचला, हे खरे. पण तो ज्यांच्या पैशाने वाचला त्या ठेवीदारांची नावे कोणत्याही स्मारकावर कोरलेली नाहीत.

चलनाची गाठ बसल्यावर अंदाजपत्रकाचा प्रश्न आला. जून १९९२ मध्येच जनमताने संमत झालेल्या राज्यघटनेत याविषयीची काही कलमे मोठी बोलकी आहेत. अंदाजपत्रकात खर्च वाढविणारी किंवा उत्पन्न घटविणारी दुरुस्ती ज्याला सुचवावयाची असेल, त्याने तेवढा पैसा कोठून आणावयाचा हेही दाखविले पाहिजे. कर, अंदाजपत्रक आणि राज्यावरील आर्थिक जबाबदाऱ्या हे विषय सार्वमताला टाकता येत नाहीत. आणि आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत संसदेने अंदाजपत्रक मंजूर केले नाही, तर राष्ट्राध्यक्षांनी नव्या निवडणुका जाहीर करावयाच्या. सभासदांना आपली जागा गमावण्याचे भय घालून वेळेवर हिशेब करावयास लावणारी ही तरतूद आहे. जमेइतकाच खर्च धरावयाचा, हा परिपाठ या चौकटीतून रुजला. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्याकडील घरोघरची शिकवण तेथे राज्यकारभाराची रीत झाली.

आता जमेची बाजू. नव्या राज्याला करवसुलीचा अनुभव नव्हता, आणि लोकांना कर भरण्याचा. अशा वेळी शंभर सवलतींचा आणि दहा पायऱ्यांचा कायदा केला असता, तर अधिकाऱ्याच्या मर्जीला आणि वकिलाच्या चातुर्याला मोकळे रान मिळाले असते. म्हणून १ जानेवारी १९९४ पासून पायऱ्यांचा प्राप्तिकर रद्द करून व्यक्ती आणि कंपन्या दोहोंनाही २६ टक्के असा एकच दर लावण्यात आला. युरोपात ही कल्पना त्या काळी नवलाची होती. पुढे शेजाऱ्यांनी ती उचलली, आणि २००१ साली खुद्द रशियानेही १३ टक्क्यांचा एकच दर लागू केला. इ.स. २००० पासून एस्टोनियाने आणखी एक पाऊल टाकले. कंपनीने नफा धंद्यातच गुंतविला तर त्यावर कर नाही, तो भागधारकांना वाटला तरच कर, असा नियम झाला. त्याच वर्षी संगणकाद्वारे करविवरण पाठविण्याची सोय सुरू झाली. आज नव्वद टक्क्यांहून अधिक करदाते ती वापरतात. करखात्याने आधीच भरून ठेवलेले विवरण पडद्यावर वाचावयाचे आणि बरोबर असेल तर मान्य करावयाचे, इतकेच काम नागरिकाला उरते.

एकच दर हा न्याय्य आहे काय, हा वाद मात्र तेथे कधीच मिटला नाही. समजा, पहिल्या १०० क्रूनांवर कर माफ आहे. मग २०० क्रून मिळविणारा २६ क्रून कर देतो, म्हणजे शेकडा १३. हजार क्रून मिळविणारा २३४ देतो, म्हणजे शेकडा तेवीसहून थोडे अधिक. याचा अर्थ दर एक असला तरी माफीमुळे गरिबावरील भार काहीसा हलका राहतो. परंतु हजारवाला आणि लाखवाला यांत फरक जवळजवळ उरत नाही. शिवाय राज्याची तिजोरी एकट्या प्राप्तिकरावर भरत नाही. मूल्यवर्धित कर गरीब-श्रीमंत सारखाच देतात. पगारावर मालकाने भरावयाचा ३३ टक्के सामाजिक कर, ज्यातले २० टक्के निवृत्तिवेतनासाठी आणि १३ टक्के आरोग्यासाठी जातात, तोही श्रमाच्या मोबदल्यावरच बसतो. वसुली सोपी झाली आणि चोरी अवघड झाली, हे मोठेच यश होय. पण सोपेपणा आणि समता या दोन सख्ख्या बहिणी नव्हेत, हे विसरून चालत नाही.

सुधारणेची खरी किंमत पाहावयाची तर देशाच्या ईशान्य टोकाला, रशियाच्या सीमेवरील नार्वा शहरात गेले पाहिजे. तेथील क्रेनहोल्म ही कापडगिरणी १८५७ साली स्थापन झालेली. सोव्हिएत काळात तिच्यात दहा हजारांवर कामगार होते. पूर्वेकडची बाजारपेठ तुटली, सरकारी अनुदानाचा आधार संपला, गिरणी स्वीडिश मालकांकडे गेली, कामगार वर्षागणिक घटत गेले आणि २०१० मध्ये तिचे दिवाळे निघाले. सामुदायिक शेतीवर जगणाऱ्या खेड्यांची आणि तुटपुंज्या निवृत्तिवेतनावरील वृद्धांची कथाही फारशी वेगळी नव्हती. हुंडणावळीचा दर स्थिर असूनही भाववाढ लगेच थांबली नाही. १९९३ साली ती सुमारे ९० टक्के होती, १९९५ मध्ये २९ टक्क्यांच्या आसपास, आणि ३ टक्क्यांपर्यंत उतरण्यास १९९९ उजाडावे लागले. देशातील भाव पाश्चात्त्य भावांच्या कितीतरी खाली होते, ते चढत चढत वर येत होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यास समायोजन म्हणतात. पावाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या वृद्धेला तो केवळ महागलेला पाव असतो.

दुसरी मोठी परीक्षा २००९ साली झाली. जगभर आलेल्या मंदीत एस्टोनियाचे राष्ट्रीय उत्पन्न एका वर्षात सुमारे १४ टक्क्यांनी घसरले. चलनाचे मोल उतरवावे, म्हणजे निर्यात स्वस्त होईल, असा सल्ला अनेकांनी दिला. आन्द्रुस आन्सिप यांच्या सरकारने तो मानला नाही. त्याऐवजी सरकारी नोकरांचे पगार कापण्यात आले, निवृत्तिवेतनाच्या निधीतील राज्याचा हप्ता काही काळ थांबविण्यात आला आणि मूल्यवर्धित कर १८ वरून २० टक्क्यांवर नेण्यात आला. २०१० च्या प्रारंभी काम करू इच्छिणाऱ्या दर पाच जणांमागे जवळजवळ एक बेकार होता, आणि अनेकांनी आखात ओलांडून फिनलंडची वाट धरली. मात्र तूट मर्यादेत राहिली, कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्याही खाली राहिले, आणि १ जानेवारी २०११ रोजी एस्टोनियात युरो हे चलन सुरू झाले.

त्या दिवशी एक युरोला १५.६४६६ क्रून या दराने नोटा बदलण्यात आल्या. हा आकडा विचित्र दिसतो, पण त्यात एक अर्थ दडलेला आहे. जर्मनीने स्वतः युरो स्वीकारला तेव्हा एक युरोस १.९५५८३ मार्क असा दर होता. त्याला आठाने गुणले की १५.६४६६ येतात. म्हणजे जून १९९२ मध्ये दिलेला ‘एका मार्कला आठ क्रून’ हा शब्द साडेअठरा वर्षांनी, चलन निवृत्त होण्याच्या दिवशीही, तसूभर बदललेला नव्हता. बँका बुडाल्या, मंत्रिमंडळे आली आणि गेली, पण तो शब्द टिकला.

मग दोरीने हात बांधले की सारे साधते काय? अर्जेंटिनाचे उदाहरण याचे उत्तर देते. त्या देशानेही १९९१ साली आपले चलन डॉलरला कायद्याने जखडले होते. पण तेथे सरकारचा खर्च आवरला नाही, कर्ज वाढत गेले, डिसेंबर २००१ मध्ये लोकांच्या बँकेतील ठेवी गोठविण्यात आल्या आणि जानेवारी २००२ मध्ये ती व्यवस्था कोसळली. चलनाचा कायदा आणि अंदाजपत्रकाची शिस्त ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. एक चाक लोखंडाचे आणि दुसरे मातीचे असून भागत नाही. आपले घर लहान आहे आणि परत मॉस्कोच्या छपराखाली जावयाचे नाही, हे एस्टोनियातील बहुसंख्य लोकांना मनोमन पटले होते. त्या निश्चयाचे बळ कायद्याच्या मागे होते, म्हणूनच तो टिकला.

आज त्या व्यवस्थेतही बदल होत आहेत. महामारीच्या काळात, २०२० पासून, सरकारने पूर्वीपेक्षा अधिक कर्ज काढले. रशियाने २०२२ साली युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यानंतर संरक्षणाचा खर्च झपाट्याने वाढला. मध्यंतरी २० टक्क्यांपर्यंत उतरलेला प्राप्तिकर २०२५ पासून २२ टक्के झाला. मूल्यवर्धित कर २०२४ च्या आरंभी २२ टक्के आणि जुलै २०२५ पासून २४ टक्के करण्यात आला. तरीही २०२४ अखेर राज्यावरील कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांशच होते, आणि युरोपीय संघात हे प्रमाण अगदी तळाचे होय. पूर्वी राखलेल्या काटकसरीमुळेच आता कठीण प्रसंगी कर्ज काढण्याची ऐपत उरली, असे म्हणावयास हरकत नाही.

एस्टोनियाच्या या कहाणीतून दोन गोष्टी बरोबरीने ध्यानात ठेवाव्या लागतात. राज्याने दिलेला शब्द आणि राज्याने काढलेली नोट ही एकच वस्तू आहे. शब्द मोडला की नोटेचा कागद होतो, आणि तो कागद शेवटी गरिबाच्याच हातात राहतो. म्हणून शिस्तीचा पहिला लाभ त्यालाच होतो. पण शिस्त लागू करताना पहिला घाव जर तार्तूच्या ठेवीदारावर आणि नार्वाच्या गिरणीकामगारावर पडत असेल, तर त्या घावाची नोंदही जमाखर्चाच्या त्याच वहीत झाली पाहिजे. तिजोरी सावरल्याचे श्रेय घेणाऱ्या सरकारला ते पान फाडून टाकण्याचा अधिकार नाही.